दौलतअप्पा पॅक होत नाहीत

दौलतअप्पांचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. कारण त्यांना पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "ऑपरेशन कधी झालं?" मोतीबिंदूच्या शिबिरात देतात तसला काळा, बाजूनंही झाकलेला चष्मा अप्पा घरात, दारात, लग्नात, दहाव्याला आणि ग्रामसभेत घालतात. ऑपरेशन झालं होतं ते त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या सिंधूकाकूंचं, आणि तेही फार पूर्वी. काकूंनी अडगळीत टाकून दिलेला चष्मा अप्पांनी उचलला, धुतला आणि नाकावर चढवला. का, तर पोकर खेळणाऱ्यानं आपले डोळे कुणाला दिसू द्यायचे नसतात, असं पुस्तकात लिहिलंय.

"पण अप्पा, इथं कुठं डाव चाललाय? तुम्ही पिठाच्या गिरणीत उभे आहात," मी एकदा म्हणालो.

"सवय लागाया पायजे, सर. चेहरा म्हंजी काय सातबारा हाय व्हय, कुनीबी यावं आन वाचावं?"

एवढं बोलून त्यांनी गिरणीतल्या अंधारात भलत्याच माणसाचा डबा उचलला आणि बाजरीऐवजी कुणाचं तरी बेसन घरी नेलं. काकूंनी त्याची भाकरी थापायचा प्रयत्न केला म्हणतात. त्या दिवशी त्यांच्या ओसरीवरून जो आवाज आला, तो ऐकून मी खिडकी लावून घेतली.

मी त्यांचा शेजारी. गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. आमचं गाव कोपरगावपासून जवळच, गोदावरीच्या काठाला. इथं हंगामात सगळ्या घरादारांना मळीचा वास असतो आणि बाहेरचा पाहुणा नाक दाबतो तेव्हा आम्हाला तो का दाबतोय हे कळत नाही. अप्पा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. कुणाचा ऊस कधी तोडायचा, कुणाच्या फडात तोडणीची टोळी कधी पाठवायची, हे त्यांच्या हातात असायचं. इथं ज्याच्या हातात ऊसतोड, त्याला आमदारही नमस्कार करतो. अप्पांनी ती नोकरी सरळपणे केली आणि कुणाचाच नमस्कार न घेता निवृत्त झाले.

पोकर ते तरुणपणी शिकले. कारखान्यात नवा बॉयलर बसवायला परप्रांतातले फिटर आले होते. ते गेस्ट हाऊसवर राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी पोकर खेळायचे. अप्पा आणि त्यांचा शाळेपासूनचा जोडीदार रंगनाथनाना, दोघंही तिथं जाऊन बसायला लागले. फिटर गेले, बॉयलरही पुढं बदलला, पण खेळ गावात राहिला. उपसा सिंचनाच्या बंद पडलेल्या पंपघराचा ओटा ही त्यांची जागा. पैशांऐवजी चिंचोके.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यानंच पाहायची. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं एकेक करत उघडतात. जुळणी चांगली वाटली तर चिंचोके लावायचे, नाही वाटली तर आपली पानं खाली ठेवून त्या डावातून उठायचं. याला पॅक होणं म्हणतात. खरी मजा थापेत असते. हातात काही नसताना ओंजळभर चिंचोके पुढं ढकलायचे आणि समोरच्याला घाबरवून पॅक करायचं. सोपं आहे. कोपरगाव तालुक्यात मात्र नाही.

ते का, ते सांगण्याआधी तो अड्डा मोडला कसा, हे सांगायला हवं. कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली. आमच्याकडे घरातलं लग्न एक वेळ पुढं ढकलतात, ही निवडणूक नाही. एकाच गटातून अप्पांनीही अर्ज भरला आणि नानांनीही. दोघांपैकी एकानं माघार घेतली असती तर दुसरा आरामात आला असता. माघारीच्या दिवशी अप्पा घरात बसून नाना माघार घेतील याची वाट पाहत होते. नाना शेतात पाणी नेणाऱ्या पाटचारीपलीकडे आपल्या वस्तीवर बसून अप्पांची वाट पाहत होते. वेळ संपली. दोघंही उभे राहिले, दोघंही पडले, आणि ज्याच्या घरच्यांनाही खात्री नव्हती असा तिसराच गडी गुलालात न्हाऊन निघाला.

त्या दिवसापासून बोलणं बंद. मध्ये फक्त एक पाटचारी, पण दोघांनी तिची गोदावरी केली. सिंधूकाकू पुरणपोळ्या पलीकडे पाठवायच्या, पलीकडून हुरडा यायचा, आणि दोन्ही घरचे कर्ते पुरुष ते खाताना कुठून आलं हे न विचारण्याची काळजी घ्यायचे. नानांची बायको वारली तेव्हा अप्पा नदीवर अगदी शेवटपर्यंत थांबले होते. नाना मागं वळायच्या आत मात्र निघून आले. हे मी पाहिलं, आणि मला त्यांचा रागही आला. चार पावलं पुढं जाऊन खांद्यावर हात ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

एवढी वर्षं पत्त्याच्या पानाला हात न लावलेल्या अप्पांना पोकर पुन्हा आठवलं ते मोबाईलमुळे. पुण्याच्या मुलानं जुना फोन दिला, त्यात खेळ निघाला. तिथं अप्पा सपाटून हरले. हरले म्हटल्यावर पेटले. नातीला सांगून त्यांनी डावपेचांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवली आणि ती काखोटीला मारून माझ्याकडं आले.

"सर, ही मराठीत सांगा. नानाला हारवायचाय."

"नाना कुठं खेळतायत तुमच्याशी? ते तर बोलतही नाहीत."

"खेळंल. न येऊन जातोय कुठं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला नाना हवे आहेत. हरवायला म्हणा, नाहीतर कशालाही म्हणा. पण काखेत पुस्तकं घेऊन आलेल्या माणसाला हे काय सांगणार?

आमची शिकवणी सुरू झाली. समोरच्याचे हात, डोळे, श्वास यांवरून तो खोटं बोलतोय हे कसं ओळखावं, असं एक प्रकरण होतं. ते वाचून अप्पा हसले. "हे काय शिकवायचं? आमचा नाना खोटं बोलाया लागला की टोपी काढतो आन परत घालतो. चौथीत मास्तरनं गृहपाठ इचारला तवापासनं." दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं की शहाणा खेळाडू बहुतेक डावांत सुरुवातीलाच पॅक होतो, धीर धरतो आणि चांगल्या पानांची वाट पाहतो. इथं अप्पा भडकले.

"म्हंजी दिसभर नुसतं बसून ऱ्हायचं? त्यापरीस भजनी मंडळात जातो की!"

पंपघराचा ओटा झाडला गेला. निवृत्त एसटी कंडक्टर सोपानराव आणि मोटारी दुरुस्त करणारे चांदभाई भिडू म्हणून आले. मी अप्पांच्या मागं बसायचो, म्हणजे पुस्तक म्हणून. आणि पहिल्याच दिवशी त्या पुस्तकाची दाणादाण उडाली. अप्पांनी हातात काहीही नसताना चेहरा दगडासारखा करून ढीगभर चिंचोके पुढं सारले. पुस्तकाप्रमाणं आता समोरच्यांनी घाबरून पॅक व्हायला हवं होतं. सोपानरावांकडे दुरीची जोडी. त्यांनीही सगळे चिंचोके सारले. "बघू तरी काय हाय तुमच्याकडं!" चांदभाईंकडे तर काहीच नव्हतं, पण दोघं लढत असताना आपण उठणं त्यांना बरं दिसेना.

असं रोज व्हायला लागलं. कुणी पॅकच होईना. पानं खाली ठेवणं म्हणजे माघार, आणि माघार घेतली की ती नातवाच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यावी लागते. त्यापेक्षा हरलेलं बरं. हरणाऱ्याला आमच्याकडे मान आहे, तो लढलेला असतो.

"सर, पुस्तक चुकलंय का तुमी चुकीवताय?" अप्पांनी मला धरलं.

"पुस्तक अशा लोकांसाठी लिहिलंय अप्पा, जे वेळ आली की उठतात."

अप्पांनी बराच विचार केला. "त्येंच्या गावात कारखाना न्हाई वाटतं," ते म्हणाले.

दरम्यान गावाला तोंड फुटलं होतं. या वयात जुगार! पोलीस पाटील स्वतः येऊन गेले. "जुगार? चिंचोक्याचा? मग गोट्या खेळनारी समदी पोरं आत टाका," अप्पांनी त्यांना सुनावलं. भजनी मंडळाचे अध्यक्ष आले, म्हणाले आता हरिपाठ धरा. "धरलाय. हरिपाठ सकाळी, पत्तं दुपारी. देव दुपारचा झोपतो, त्येला कशाला उठवायचं?" पुण्याहून मुलाचा फोन आला की बाबा, लोक काय म्हणतात. "लोकांस्नी सांग, बाप जित्ता हाय म्हनून खेळतोय. मेल्यावर बंद करील." मला हे सगळं ऐकताना फार बरं वाटायचं. गुपचूप कोपऱ्यात बसून गोळ्या मोजणाऱ्या म्हाताऱ्यांचं कौतुक करणारं गाव आहे हे. त्याच्या नाकावर टिच्चून कुणीतरी पत्ते पिसतंय, वाटतंय, आरडाओरडा करतंय, याचा मला आनंद व्हायचा आणि अजून होतो.

पाटचारीपलीकडून नाना काही आले नाहीत. बातमी आली ती वेगळीच. नानांच्या मुलानं नाशिकला फ्लॅट घेतला होता. एकट्या बापाला वस्तीवर ठेवायला तो तयार नव्हता. म्हैस विकली गेली होती. उभा ऊस एकदा तुटून गेला की नाना कायमचे नाशिकला.

त्या दिवशी अप्पांनी डाव मांडला नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, चष्मा लावून ते कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेले. तिथं आता त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस साहेब आहे. तिथं रोज माणसं विनवण्या करत असतात, माझा ऊस लवकर तोडा, वाळून चाललाय, वजन घटतंय. अप्पा म्हणाले, रंगनाथाचा ऊस उशिरा तोडा. दुसऱ्याचा ऊस मागं ठेवा म्हणून अर्ज घेऊन येणारा माणूस त्या ऑफिसनं कधी पाहिला नव्हता. साहेब हसले, चहा पाजला आणि त्यांना परत पाठवलं.

साहेबांनी काही केलं नाही, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. पण झालं असं, की नानांच्या फडात येणार होती त्या टोळीचा ट्रॅक्टर मोडला आणि टोळी अडकून पडली. ऑफिसात अप्पांमागं उभ्या असलेल्या कुणीतरी गावात येऊन जे सांगायचं ते सांगितलं. ऊस अडवणं म्हणजे आमच्याकडे वैरातलं शेवटचं वैर. बांध कोरणारा माणूस एक वेळ माफ होतो.

भर दुपारी नाना काठी आपटत पंपघरावर आले. पाटचारी ओलांडून, इतक्या वर्षांनी. आम्ही सगळे उभे राहिलो, अप्पा बसूनच राहिले.

"माझा ऊस अडीवतो व्हय रं?" नाना ओरडले. "इलेक्शनमदी पाडलंस, आता उपाशी मारतोस?"

खरं सांगायला काय हरकत होती? ट्रॅक्टर मोडलाय, माझ्या शब्दाला तिथं कुणी विचारत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणाले तर ते अप्पा कसले!

"अडीवला," ते म्हणाले. "बस. एक डाव खेळ. जितलास तर माझा शब्द मागं घेतो."

"आन हारलो तर?"

"तर उसाबरोबर तूबी थांबायचं. पुढल्या हंगामापतुर."

नाना बसले. काठी आडवी ठेवली, पायातल्या वहाणा न काढताच बसले. चांदभाईंनी पानं पिसली. डाव फक्त दोघांचा. अप्पांनी आपली पानं उचलली आणि मला दिसली. दोन बादशहा. मध्ये पानं उघडली त्यात तिसरा बादशहा आला. पुढं उघडलेल्या पानांनी नानांना हात देण्यासारखं काही केलं नाही. मी इंग्रजीचा मास्तर असलो तरी एवढं पोकर मलाही कळायला लागलं होतं. अप्पा हरणं शक्य नव्हतं.

शेवटचं पान उघडलं. नानांनी समोरचे सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढं ढकलले. मग त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

अप्पांनी ते पाहिलं. सगळ्या ओट्यानं पाहिलं, सोपानरावांच्या तोंडून "हात्तिच्या!" निघालंही. पण अप्पांची मान आता टोपीवरून टोपीखालच्या माणसाकडं वळली होती. नानांची दाढी वाढलेली होती, सदऱ्याला एकच गुंडी उरली होती आणि चिंचोक्यांवर ठेवलेले हात थरथरत होते. रागानं नव्हे. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या माणसाचं जेवण कसं असतं हे त्या मनगटांवर दिसत होतं. आम्ही सगळे त्यांना रस्त्यावरून लांबून पाहायचो. इतक्या जवळून कुणीच पाहिलं नव्हतं.

अप्पांनी काळा चष्मा काढला, डोळे पुसले. मला वाटलं आता बादशहा आपटतात. त्यांनी दोन्ही पानं उपडी ठेवली.

"पॅक."

चांदभाईंनी "काय?" असं दोनदा विचारलं. सोपानराव माझ्याकडं पाहायला लागले, मी पंपघराच्या गंजलेल्या दाराकडं.

"काय हुतं तुझ्याकडं?" नानांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"पॅक झाल्याली पानं दावायची नसत्यात. पुस्तकात लिव्हलंय." अप्पांनी आपली पानं कॅटात खुपसली आणि सगळा कॅट पिसून टाकला. मग त्यांचा आवाज चढला. "काय बघतोस? घेतली माघार! जा आता नाशिकला. पोरगा नेतोय तर जा. सुनंच्या हातचं गरम खा. हितं कोन करून घालनार हाय तुला? मी?"

"तू ऊस सोडशील?"

"सोडला."

नाना उठतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी वहाणा काढल्या, ओट्याखाली ठेवल्या आणि मांडी घालून नीट बसले. "वाट," ते चांदभाईंना म्हणाले. सिंधूकाकू चहा घेऊन आल्या, त्यांनी नानांना पाहिलं, आणि परत जाऊन साखर जास्त घालून दुसरा चहा करून आणला. सूर्य उसाच्या मागं जाईपर्यंत दोघं खेळत होते आणि भांडत होते. निवडणुकीतलं, चौथीतलं, फिटरांच्या वेळचं, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. पॅक मात्र पुन्हा कुणीच झालं नाही.

ट्रॅक्टर दुरुस्त झाला आणि टोळी आली. नानांचा ऊस गेला, नानाही गेले. अप्पा निरोप द्यायला गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "कशाला? मेलाय का तो?" आणि पुढचे काही दिवस पंपघराकडे फिरकलेही नाहीत. ओसरीवर बसून असायचे. पुस्तकंही मागितली नाहीत. शिकवणी नाही म्हणून मलाच संध्याकाळी करमेना.

मग एका दुपारी ओट्यावरून आवाज ऐकू आला म्हणून मी गेलो. अप्पा एकटेच खेळत होते. समोर विटेला टेकवून मोबाईल उभा केलेला आणि मोबाईलमध्ये नाना, पाठीमागं पांढरीफेक भिंत, अंगावर इस्त्रीचा सदरा. कॅट एकच, तो अप्पांजवळ. अप्पा पिसायचे, स्वतःची दोन पानं घ्यायचे, मग नानांची दोन पानं उचलून मोबाईलसमोर धरायचे. धरताना मान पूर्ण फिरवून पाटचारीकडं पाहायचे. नानांनी "बघितली" म्हटलं की ती तशीच उपडी ठेवायची.

"तू तर बघत न्हाईस ना रं?" नानांनी विचारलं.

"न्हाई."

"बरं. लाव."

एवढंच. ज्या दोघांना माघारीच्या एका दिवशी एकमेकांवर भरवसा ठेवता आला नव्हता, ते आता असे खेळत होते. मी जवळ जाऊन बसलो तर अप्पांनी मला हातानं उठवून आपल्या पाठीमागं, भिंतीच्या बाजूला बसवलं. तेवढ्यात सोपानराव आले. नानांची उपडी ठेवलेली पानं त्यांच्या पायाशीच होती. सवयीनं ते वाकले आणि एक कोपरा उचलून पाहायला गेले.

अप्पांनी त्यांचा हात झटकला. इतक्या जोरात, की मोबाईल विटेवरून घसरला आणि नाना आडवे झाले.

"हात लावू नगं!" अप्पा ओरडले. "त्येची पानं हायती ती!"